पारीवर कोणी नव्हतं

माघ उतरणीला लागला की तलावांची पोटं दिसू लागतात. भंडाऱ्याला जाताना एसटीच्या खिडकीतून आधी वास येतो आणि मग तलाव दिसतो. ओल्या चिखलाचा, कुजलेल्या कमळदेठांचा, उन्हाने तापू लागलेल्या शेवाळाचा वास. शेजारच्या बाया नाकाला पदर लावतात, मी खिडकी आणखी उघडते. "तुया माहेरचं अत्तर आलं पाय," यजमान म्हणतात. ते जवाहरनगरच्या कारखान्यात आहेत आणि माझी थट्टा करायला त्यांना वर्षाचे बारा महिने पुरत नाहीत. मी हसते. पण भंडाऱ्याचा स्टँड येईपर्यंत ती खिडकी कोणाला लावू देत नाही.

आम्ही ढिवर. आमच्या लोकांची सुगी याच दिवसांत. धानवाल्यांची सुगी दिवाळीच्या आगेमागे येऊन जाते, आमची त्यांच्यामागून यायची. धानाच्या बांध्यांना पाणी देऊन देऊन तलाव उथळ झालेला असायचा, लाखोळी शेंगेवर आलेली असायची, पळसाला काळ्या कळ्या धरलेल्या असायच्या, आणि घराघरातून जाळी बाहेर निघायची. झाडाच्या सालीच्या काढ्यात उकळलेल्या सुताचा तुरट वास अंगणभर भरून राहायचा. तलावाच्या बांधाला आमच्याकडे पार म्हणतात. त्या पारीवर माय झिंगे वाळत घालायची आणि दिवसभर कावळ्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. लाखोळीचं वरण, भात आणि ताटात मरळीचा तुकडा. वर्षातले एवढेच दिवस आम्ही पोटभर जेवायचो.

या दिवसांत मोठं जाळं पडायचं. छोटी जाळी ज्याची त्याची, मोठं जाळं मात्र गावातल्या सगळ्या ढिवरांचं मिळून एक. त्याच्या दोऱ्या दोन्ही काठांवरून ओढत आणायच्या. त्याला एक कायदा होता आणि तो कुठल्याही कचेरीत लिहिलेला नव्हता. ज्याचा दोरीला हात लागला त्याला हिस्सा. ज्याचा नाही लागला त्याला नाही, मग तो कितीही जवळचा असो. ऐकायला कडक वाटतं, पण त्यातली माया पाहायला तिथेच जन्मावं लागतं. कारण मग कोणाचा हात सुटू नये म्हणून सगळं गाव धडपडायचं. तापाने फणफणलेल्या माणसाला खाटेसकट काठावर आणायचे. बाळंतिणीचं तान्हं पोर आणून त्याच्या चिमुकल्या मुठीत दोरी द्यायचे, म्हणजे त्या घराचा हिस्सा पक्का. डोळ्यांनी गेलेली सीताबुढी दरवर्षी सगळ्यांत आधी काठावर येऊन बसायची. तिचा हात धरून बाबा दोरीवर ठेवायचे आणि म्हणायचे, "ओढ बुढे, तुयाच जोरावर हाये सारं." ती खरंच ओढायची, दात नसलेले ओठ दाबून.

बाबा आमच्या लोकांचे पुढारी होते. पुढारी म्हणजे पांढरे कपडे नव्हेत. जाळं कधी टाकायचं, पाणी कधी सोडायचं, भांडण कुठे मिटवायचं हे ज्याला विचारतात तो. तलाव जुन्या मालगुजाराने बांधलेला. मालगुजारी गेली, तलाव सरकारचा झाला, पण सरकार काही कधी त्यात उतरलं नाही. थोडीशी पट्टी भरायची आणि मासे धरायचे, असं चाललं होतं. पावसाळ्यात नदीवरून माशांचं बीज आणून टाकायचे तेही आमचेच लोक.

सत्तरीचं दशक संपत आलं होतं तेव्हाची गोष्ट. तलावाचा लिलाव झाला आणि बाहेरगावच्या एका ठेकेदाराच्या नावाने ठेका सुटला. आम्हाला कळलं तेव्हा तो त्याची माणसं आणि जाळी घेऊन पारीवर उभाच होता. माय आणि आणखी बाया नुसत्या जाऊन पाण्याच्या काठाला बसल्या. कोणी ओरडलं नाही, दगड मारला नाही. "आमच्या अंगावरून जाळं टाकाचं असन तं टाका," माय म्हणाली. ठेकेदाराने कागद दाखवला. माय म्हणाली, "कागद दाखव ना मासोळीले. तिले वाचता येत असन तं येईन तुयाकडं." तो त्या दिवशी गेला, पुन्हा आला, पुन्हा गेला. त्यानंतर घराघराने बाऱ्या लावल्या. पारीवर कोणी ना कोणी असायचंच. शेकोटी, तंबाखू, गप्पा. मी वयात आलेली पोर, तरी मायबरोबर माझी बारी असायची. आम्ही चिंचा खायचो आणि हसायचो. आपण लढाई लढतो आहोत असं तेव्हा कोणालाच वाटलं नाही.

आज मला वाटतं, तीच खरी लढाई होती आणि ती आम्ही जिंकत होतो. पण तिला नाव नव्हतं. जिला नाव नसतं तिची किंमत करायला आपण कुठे शिकलेलो असतो!

नाव घेऊन आले ते भाऊ. भंडाऱ्याचे कार्यकर्ते. खांद्याला झोळी, सायकल, बोलायला गोड, आणि मनाने चांगले. हे मी मुद्दाम सांगते, कारण यात कोणी दुष्ट माणूस असता तर माझं काम सोपं झालं असतं. ते आमच्या ओट्यावर बसले, मायच्या हातचा चहा प्याले आणि म्हणाले, "असं पारीवर बसून किती दिवस काढणार? तुमचं बसणं या चार खेड्यांपलीकडे कोणाला दिसत नाही. लिलाव भंडाऱ्यात झाला, तो भंडाऱ्यातच रद्द होईल. कलेक्टर कचेरीवर मोर्चा काढा. आवाज मोठा असला की सरकारला ऐकावं लागतं."

बाबांना ते पटलं. बाबांचा सरकारवर राग नव्हता, उलट भरवसा होता. सरकारला माहीत नाही म्हणून असं झालं, माहीत झालं की ते नीट करील, असं ते मनापासून मानायचे. आयुष्यभर पाण्यात राहिलेला माणूस, खोल-उथळ बरोबर ओळखायचा. पण ते पाणी निराळं.

"किती माणसं येतील?" भाऊंनी विचारलं.

"सारेच," बाबा म्हणाले.

हे "सारेच" म्हणजे बढाई नव्हती. बाबांच्या मते मोर्चा म्हणजे मोठं जाळंच. जे ओढून आणायचं ते सगळ्यांचं, म्हणून हातही सगळ्यांचे लागले पाहिजेत. उद्या तलाव परत मिळाला आणि कोणी म्हणालं, अमका आला नव्हता, त्याला कसला हिस्सा, तर? बैठकीत कोणीतरी हळूच म्हणालं, "दोघं-चौघं ठेवा ना तलावावर." पण कोणाला ठेवायचं? ज्याचं नाव घ्यावं त्याचा चेहरा उतरायचा. मागे राहणं म्हणजे हिश्शातून उठणं, हे आमच्या रक्तात होतं. शेवटी सीताबुढी काठी आपटत म्हणाली, "मले काहून नेता गा? मले ना दिसे ना चालता ये. मी बसतो पारीवर. कोणी आलं तं बोंबलीन."

बाबा हसले. "दोरीले हात नाही लागला तं तुया हिस्सा कसा लागन, बुढे? तू तं पुढंच पाह्यजे."

ती खूश झाली. तिला कोणी मागे ठेवत नाही याचंच तिला अप्रूप. मलाही तेव्हा बाबांचा अभिमान वाटला. एकाही माणसाला वगळायचं नाही, आंधळ्या म्हातारीलाही नाही, याहून चांगला न्याय कुठला? तो चांगलाच होता. तोच आमच्या मुळावर आला.

मोर्च्याच्या दिवशी भाऊंनी ट्रक आणले. पहाटे गाव निघालं, कोंबड्या डालून, दारं लोटून. बाबांनी मोठं जाळं सोबत घेतलं. भाऊ म्हणाले होते फलक करा, पण आमच्यात लिहिणारे हात किती? जाळंच आमचा फलक. भंडाऱ्यात शिरल्यावर ते दोन्ही बाजूंनी खांद्यांवर धरलं आणि प्रत्येकाचा एक हात त्याच्या दोरीवर. सीताबुढी बाबांच्या पाठीवर, तिचाही हात दोरीला. पितळी भांड्यांच्या दुकानांतली ठोकाठोक आम्ही जवळ आलो तशी थांबली. रिक्षावाले बाजूला झाले. एका दुकानदाराने विचारलं, "जाळं आहे, मासे कोठी आहेत?" आणि आमच्यातला एक जण म्हणाला, "कचेरीत बसले आहेत, धराले चाललो!" सगळा रस्ता हसला. मीही हसले. गळा फाटेपर्यंत ओरडले. इतक्या लोकांचा आवाज एका तोंडाने निघतो तेव्हा अंगावर काटा येतो, आणि खरंच वाटतं की आता भिंती ऐकतील. तो खोटा आनंद होता असं मी आजही म्हणणार नाही. ज्यांनी तो चाखला नाही त्यांनी मोर्च्याला नावं ठेवू नयेत.

कलेक्टरसाहेब दौऱ्यावर होते. दुसरे एक साहेब बाहेर आले, त्यांनी निवेदन घेतलं, दोन्ही हात जोडले, वरती कळवतो म्हणाले. वागायला चांगले होते. सीताबुढीला त्यांनी सावलीत बसवायला सांगितलं. भाऊंचं भाषण झालं. आम्ही कचेरीसमोरच्या झाडाखाली भाकऱ्या सोडल्या आणि जिंकल्यासारखे जेवलो.

दिवस कलताना ट्रक गावाजवळ आला. उतरण्याआधीच वास आला, जो माघाच्या शेवटी यायला हवा त्याहून फार दाट, आणि नको तितका आधी. माय म्हणाली, "हा वास अठी कसा?" बाबा चालत्या ट्रकमधून उडी टाकून धावले.

तलावातून पाणी सोडायची जी मोरी असते तिला आम्ही तुडूम म्हणतो. तुडूम सताड उघडं होतं. पाणी नाल्यातून, लाखोळीच्या बांध्यांतून दिवसभर वाहून गेलं होतं. तलावाच्या मध्यभागी डबकं उरलं होतं आणि बाकी सगळा चिखल, त्यात माणसांच्या पायांचे खड्डे, ओढलेल्या जाळ्यांचे ओरखडे. ट्रकच्या चाकोऱ्या पारीपर्यंत आलेल्या. मोठा मासा एकही नव्हता. पुढच्या वर्षासाठी आम्ही कधीच न धरलेल्या, अंड्यांवरच्या जुन्या माद्यासुद्धा गेल्या होत्या. बोटाएवढे मासे चिखलात तडफडत होते आणि घारी खाली उतरत होत्या.

बाबा चिखलात शिरले. मांडीपर्यंत रुतत ते एकेक बारका मासा उचलून डबक्याकडे नेऊ लागले. ओंजळीत दोन-चार मावायचे. टाकायचे, परत यायचे, परत उचलायचे. कोणाकडे पाहिलं नाही. माय काठावर बसून छाती पिटत होती. आणि सीताबुढी, जिला कोणीच काही सांगितलं नव्हतं, विचारत राहिली, "काय झालं वो? पाणी काहून वाजत नाही? आज पाणी काहून वाजत नाही?"

तक्रार केली. पण ठेका त्या ठेकेदाराच्याच नावाचा, मग चोरी कशाची? जे आमच्या बसण्याने थांबलं होतं ते आमच्या उठण्याने झालं, एवढंच.

त्या उन्हाळ्यात गाव गळालं. कोणी नागपूरला, कोणी वीटभट्टीवर, कोणी रस्त्याच्या कामावर. निरोपही नीट झाले नाहीत, आज दार उघडं दिसायचं, उद्या बंद. सीताबुढी पावसाच्या तोंडावर गेली. पाऊस चांगला झाला, तलाव भरला, वरून पाहणाऱ्याला वाटावं सगळं पूर्वीसारखं. बाबा रोज काठावर उभे राहायचे. पाण्यावर एक बुडबुडा उठत नव्हता.

आणि मग, धान निसवत असताना, जीप आली. तेच साहेब, हसतमुख. लिलाव रद्द झाला होता. तलाव आमच्या लोकांच्या सोसायटीला मिळाला होता. "तुमच्या मोर्च्याची वरपर्यंत दखल घेतली गेली," ते म्हणाले, आणि ते खरं होतं! भाऊही सोबत आले होते. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, तेही खरंच होतं. त्यांनी बाबांना मिठी मारली आणि म्हणाले, "काढा मोठं जाळं. आज सगळ्यांसमोर टाकू."

जाळं काढलं. काठावर उरलेली माणसं उभी राहिली. मोठं जाळं ओढायला दोन्ही काठ भरून माणूस लागतो. एका काठावर आम्ही थोडे होतो आणि दुसऱ्या काठावर माय आणि आणखी दोघी. साहेब वाट पाहत होते. बाबांनी जाळ्याची घडी उलगडली, पुन्हा घातली आणि म्हणाले, "आज नको, साहेब. हात नाहीत."

मोर्च्याने काही होतं का, असं मला कोणी विचारलं की मी आधी विचारणाऱ्याचा चेहरा पाहते. ज्याला वाद घालायचा असतो त्याच्याशी मी बोलत नाही. काही होत नाही म्हणावं, तर तो हुकूम निघालाच ना? सरकार हललंच ना? आता आजूबाजूच्या कितीतरी तलावांवर ढिवरांच्या सोसायट्या आहेत, आणि भाऊ भाषणात आमच्या गावाचं उदाहरण देतात. ते मोठे झाले आहेत, पण खोटं बोलत नाहीत. ते फक्त जीप आली तिथपर्यंतच सांगतात. आणि होतं म्हणावं, तर कोणासाठी झालं? ज्यांच्या हातांनी ते झालं ते हातच तोवर विटा थापत होते. वरचा हुकूम बदलायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ भुकेजवळ नसतो. मी पुष्कळ विचार केला, चुलीपुढे केला, बसमध्ये केला, यापुढे माझी बुद्धी चालत नाही. भाऊंचं खोटं असतं तर बरं झालं असतं. मला निदान भांडता आलं असतं.

माय दोन वर्षांनी गेली. बाबांना मी जवाहरनगरला आणलं. आमच्या क्वार्टरला नळ आहे, दोन खोल्या आहेत, बाहेर पेरूचं झाड आहे. बाबा पेरूखाली बसतात. सुरुवातीला ते माझ्याबरोबर बाजारात यायचे. एकदा मासळीवाल्याकडे मी रोहू तोलून घेतला. बर्फातला. बाबांनी तो हातात धरला, कल्ला उघडून पाहिला आणि परत ठेवला. "ढिवरानं मासा विकत घ्यावा!" ते म्हणाले. त्यानंतर ते बाजारात आले नाहीत, आणि मी घरी मासा केला तर भाजी मागून जेवतात. त्या मोर्च्याबद्दल इतक्या वर्षांत ते एक शब्द बोलले नव्हते.

परवा डोळ्यांच्या डॉक्टरकडे त्यांना भंडाऱ्याला नेलं. येताना बाजारात रस्ता अडला. समोरून मोर्चा येत होता. नदीवर मोठं धरण होणार, त्यात जाणाऱ्या काठच्या गावांचा. बैलगाड्या, डोक्यावर टोपली घेतलेल्या बाया, खांद्यावर पोरं. उन्हाने लाल झालेले तेच चेहरे, तेच पाय. मी बाबांना घेऊन एका दुकानाच्या पायरीवर चढले. ते डोळे बारीक करून पाहत होते. मोर्च्याच्या कडेने चालणारी एक बाई पाणी प्यायला थांबली, तिला त्यांनी विचारलं, "कायचा मोर्चा, बाई?"

"गाव बुडून राह्यलं ना जी आमचं," ती म्हणाली. "मोजणीवाले येऊन राह्यले रोज. आम्ही शिवेतच आडवे होतो, येऊच देत नाही. पण असं किती दिवस चालन? म्हणून आलो कचेरीवर."

"आन आज शिवेत कोण आहे?"

"कोणी नाही. सारं गावच आलं, बाबाजी." तिने अभिमानाने तोंड पुसलं. "कुत्रं तेवढं ठेवलं." ती हसून पळाली, आपल्या माणसांत मिसळली.

बाबा पायरीवरून उतरले. मी धरेपर्यंत ते गर्दीला लागून चालूही लागले होते. त्यांनी हात वर केला आणि मी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता त्या आवाजात, काठावरून पलीकडच्या काठाला हाक घालावी त्या आवाजात ओरडले, "वापस जा! कोणी तरी वापस जा! शिवेत कोणी तरी राहा!"

हात वर करून कोणी ओरडलं की मोर्चा उत्तर देतो, त्याला दुसरं काही येत नाही. जवळची रांग आनंदाने गरजली, "झिंदाबाद!" म्हातारा माणूस घोषणा देतो म्हणून मागचेही सरसावले. बाबा आणखी जोराने ओरडले. मोर्चा आणखी जोराने उत्तरला. ते एकेकाच्या दंडाला धरून सांगू लागले, तर लोकांनी त्यांचा हात हातात घेऊन वर उंचावला. कोणीतरी त्यांच्या डोक्यावर टोपी घातली. ओरडून ओरडून त्यांचा आवाज फाटला, डॉक्टरने घातलेल्या औषधाचं पाणी गालांवरून वाहत होतं, आणि मी गर्दीत बाबा, बाबा करत होते.

शेवटची बैलगाडी पुढे गेल्यावर ते मला रस्त्याच्या मधोमध सापडले. धापा टाकत होते.

"आयकलं का वो कोणी?" त्यांनी विचारलं.

कोणी ऐकलं नव्हतं. मी त्यांना तसंच सांगितलं.

त्यांनी डोक्यावरची टोपी घट्ट बसवली. मग त्यांनी माझा हात धरला. "आवाज लहान पडला," ते म्हणाले. "चाल, कचेरीपर्यंत जाऊ त्यायच्या मागं."

आणि आम्ही दोघं मोर्च्याच्या मागे चालू लागलो.